नववीतल्या मुलाला काय सांगू?

गेल्या दिवाळीत एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. फराळाच्या चौकशा झाल्या आणि मग तो मूळ गोष्टीवर आला. "मॅडम, धाकटा नववीत आहे. पुढं आयटीआयला घालू, डिप्लोमाला घालू, की अकरावी सायन्सच करू दे? तुम्ही सांगाल तसं." मी म्हटलं, दोन दिवसांनी सांगते. ते दोन दिवस लांबत गेले. त्याला जे सांगायचं होतं ते फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी या विद्यार्थ्याविषयी. पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. हा मुलगा आयटीआयचा फिटर होऊन डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आला होता. एकदा वर्कशॉपमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांचा फिटिंगचा जॉब चालला होता. माइल्ड स्टीलच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, एकीत खाच काढायची, दुसरीला तसंच टोक काढायचं आणि दोन्ही एकमेकींत बसवायच्या. मुलांचे हात कापत होते, कानस एकदा डावीकडे झुकायची, एकदा उजवीकडे. हा सहज तिथे आला, एकाच्या हातातली कानस घेतली, दहा मिनिटं सावकाश चालवली, पट्टी गुण्याला, म्हणजे काटकोन तपासायच्या हत्याराला, लावली आणि खिडकीच्या उजेडाकडे धरली. गुण्या आणि पट्टी यांच्यामधून उजेडाची रेघसुद्धा येत नव्हती. वर्कशॉपमधले इन्स्ट्रक्टर काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला.

हाच मुलगा गणितात तीनदा नापास झाला. दुसऱ्या वर्षाचं गणित पहिल्या वर्षाच्या गणितावर उभं असतं आणि पहिलं वर्ष तर त्याला 'माफ' झालेलं. एक दिवस तो स्टाफरूमच्या बाहेर वही घेऊन उभा होता. म्हणाला, "मॅडम, डीवाय बाय डीएक्स म्हणजे नेमकं काय, हे मला आत्तापर्यंत कोणीच सांगितलं नाही. सगळे समजतात मला ते येतं." मी आणि गणिताच्या एका सहकारी बाईंनी काही शनिवार त्याला बसवलं, पण उशीर झाला होता. घरून पैशांची ओढ होती. एक विषय राहिला तो राहिलाच. आज तो एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळतो. नवे डिप्लोमा झालेले पोरं त्याच्या हाताखाली काम शिकतात आणि दोन-तीन वर्षांत त्याचे साहेब होतात.

तो फोन आला तेव्हा मी अमेरिकेतून, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉलीहून, मुलीकडे राहून नुकतीच परतले होते. तिकडे शेजारच्या घरातला सोळा वर्षांचा एक मुलगा संध्याकाळी माझ्याकडे त्रिकोणमिती विचारायला यायचा. त्याची आई हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला, वडील घरांची छपरं घालायच्या कामावर. घरात कॉलेजची पायरी चढलेलं कोणी नाही. पण तो सोळाव्या वर्षी कॉलेजात जात होता. सकाळी शाळेचे दोन तास, दुपारी कम्युनिटी कॉलेजमध्ये, म्हणजे दोन वर्षांच्या पदव्या देणाऱ्या सरकारी कॉलेजात, इलेक्ट्रिकल सर्किट्स आणि इंग्रजी. त्याच्याकडे दोन ओळखपत्रं होती, एक शाळेचं, एक कॉलेजचं. दोन प्रगतिपुस्तकंही. शाळेचं पाचवं वर्ष पुरं झालं की बारावीच्या सर्टिफिकेटबरोबर दोन वर्षांची कॉलेजची पदवीही त्याच्या हातात पडणार होती, आणि फी एक पैसा नाही.

अशा शाळांना तिकडे 'अर्ली कॉलेज हायस्कूल' म्हणतात. हे नाव ऐकलं की आपल्या मनात येतं ते हुशार, वर्ष-दोन वर्ष पुढे असलेल्या मुलांचं चित्र. तशी एक परंपरा आहेही: तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये असलेल्या सायमन्स रॉक या कॉलेजानं १९६६पासून शाळा पुरी न झालेल्या चुणचुणीत मुलांना प्रवेश दिला. पण आज अमेरिकेत जी चळवळ पसरली आहे तिचं मूळ निराळ्या ठिकाणी आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजात १९७४ साली एक शाळा सुरू झाली, ती शाळा सोडायच्या बेतात असलेल्या मुलांसाठी. विचार धाडसाचा होता. जे मूल शाळेत रमत नाही, मागे पडतं, त्याला आणखी सोपं, आणखी लहान मुलांसारखं शिकवण्याऐवजी कॉलेजच्या आवारात नेऊन बसवा. त्याच्याशी मोठ्या माणसासारखं वागा आणि त्याच वेळी त्याच्या पाठीशी पक्कं उभं राहा. पुढे २००२मध्ये गेट्स फाउंडेशननं या कल्पनेला मोठा पैसा दिला आणि देशभर अशा शाळा उभ्या राहू लागल्या.

मला या कल्पनेतला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. 'मागे पडलेला' म्हणून ज्याच्यावर शिक्का बसला त्याला सोप्याकडे ढकलायचं नाही, अवघडाकडे हात धरून न्यायचं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. दहावीला कमी मार्क पडले की घरातलं कोणी तरी म्हणतंच, "जाऊ दे, आयटीआय कर." जणू आयटीआय म्हणजे उरलेल्यांसाठीची जागा. आणि त्या 'उरलेल्यां'ना पुढचं गणित शिकवायची कोणाला गरज वाटत नाही.

नॉर्थ कॅरोलायनात या शाळा एवढ्या का वाढल्या, हे समजून घ्यायला मला तिथल्या कम्युनिटी कॉलेजात शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी कनापोलिस या गावाची गोष्ट सांगितली. कनापोलिस हे टॉवेल-चादरींच्या गिरणीवर जगणारं गाव. २००३च्या जुलैअखेर पिलोटेक्स कंपनी बंद पडली आणि एका दिवसात राज्यातले चार हजारांहून जास्त कामगार घरी बसले. राज्याच्या इतिहासातली ती सगळ्यांत मोठी एकरकमी कामगारकपात. त्यांतल्या पुष्कळांनी हायस्कूलही पुरं केलं नव्हतं, कारण गिरणीत काम मिळायला त्याची गरजच नसे. बाप गिरणीत, मुलगा गिरणीत, नातू गिरणीत. पन्नाशीतली माणसं शेजारच्या कम्युनिटी कॉलेजात अक्षरशः नव्यानं गणित शिकायला बसली. ज्यांनी १९८२च्या संपानंतरचं गिरणगाव पाहिलं आहे, लालबाग-परळच्या चाळींतली ती शांतता अनुभवली आहे, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. फरक एवढाच, की आमच्या गिरणी कामगारांना पुन्हा वर्गात बसवायला कोणी बोलावलं नाही.

त्याच २००३ साली त्या राज्यानं शाळा आणि कॉलेजांनी मिळून नव्या पद्धतीच्या शाळा काढाव्यात म्हणून कायदा केला. बहुतेक शाळा कम्युनिटी कॉलेजच्याच आवारात आणि मुद्दाम लहान, एका इयत्तेत शंभरच्या आसपासच मुलं. आज अशा शंभराहून अधिक शाळा त्या एका राज्यात आहेत. प्रवेश देताना ज्यांच्या घरात कोणी कॉलेजात गेलेलं नाही अशा मुलांना प्राधान्य. रॉलीतच एक संस्था आहे, जुन्या कोका-कोलाच्या गोदामाच्या जागेत. तिथे शाळेतली मुलं कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकांकडून वेल्डिंग, एअर कंडिशनिंग, गाड्यांची बॉडी दुरुस्ती असं सगळं शिकतात आणि त्याचे क्रेडिट्स, म्हणजे पदवीसाठी धरले जाणारे श्रेयांक, कॉलेजच्या खात्यात जमा होतात.

तंत्रशिक्षणासाठी या कल्पनेचं सगळ्यांत गाजलेलं रूप मात्र न्यूयॉर्कमधलं. ब्रुकलिनच्या क्राउन हाइट्स भागात, निकाल खराब म्हणून बंद होत चाललेल्या पॉल रोबसन हायस्कूलच्या इमारतीत, २०११च्या सप्टेंबरमध्ये 'पी-टेक' सुरू झाली. शहराचं शिक्षण खातं, सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क आणि आयबीएम अशा तिघांनी मिळून ती काढली. नववीपासून सहा वर्षं. शेवटी हायस्कूलचं सर्टिफिकेट आणि कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रोमेकॅनिकल तंत्रज्ञानातली असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची, पदवी, फुकट. प्रवेशपरीक्षा नाही, मार्कांची चाळण नाही. मुलांना कंपनीतले मार्गदर्शक, पगारी इंटर्नशिप, आणि पदवी झाल्यावर आयबीएममधल्या सुरुवातीच्या नोकऱ्यांसाठी त्यांचा आधी विचार. बराक ओबामांनी २०१३च्या वार्षिक भाषणात या शाळेचं नाव घेतलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते तिथे जाऊनही आले. २०१५मध्ये सहा मुलांनी सहा वर्षांचा हा रस्ता चार वर्षांतच पुरा केला. ज्या इमारतीतली शाळा अपयशी म्हणून बंद करायला घेतली होती, त्याच इमारतीत हे घडलं, आणि बहुतेक मुलं त्याच वस्त्यांतली होती. मुलं तीच, भिंती त्याच. बदललं होतं ते त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची आणि त्यासाठी त्यांना काय द्यायचं, एवढंच.

आता यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप मी स्वतः वर्षानुवर्षं मनात बाळगला आहे: चौदाव्या वर्षी मुलाला कामधंद्याच्या वाटेला लावायचं का? कोणाच्या मुलांना लावायचं?

अमेरिकेला हा प्रश्न जुना आहे. १९१७च्या स्मिथ-ह्यूज कायद्यानं तिथल्या शाळांत धंदेशिक्षणाला सरकारी पैसा सुरू झाला. त्याखाली चालणाऱ्या वर्गांत मुलांचा निम्मा वेळ कार्यशाळेत जायचा आणि सर्वसाधारण विषयांसाठी जेमतेम पाव वेळ उरायचा. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत या वर्गांत कोण गेलं? कृष्णवर्णीय, स्थलांतरित, गरीब घरांतली मुलं. वकील-डॉक्टरांची मुलं तिकडे फिरकली नाहीत. त्याच्याही आधीचा वाद बुकर टी. वॉशिंग्टन आणि डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या कृष्णवर्णीय समाजाच्या दोन नेत्यांमधला. मराठी वाचकाला टस्कीगी हे नाव कार्व्हर यांच्यामुळे घरचं वाटतं. ती संस्था वॉशिंग्टन यांनी उभी केली, नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या समाजाच्या हाताला हुन्नर द्यायला. डु बॉइस यांचं म्हणणं होतं की केवळ हुन्नरावर थांबलात तर हा समाज कायम दुसऱ्यांच्या हुकमाखालीच राबेल, याला विद्यापीठाचं शिक्षण हवं. याच डु बॉइस यांना १९४६मध्ये डॉ. आंबेडकरांनी पत्र लिहिलं होतं. दोघांच्या समाजांचं दुखणं एकाच जातीचं होतं, आणि शिक्षणाच्या बाबतीत आंबेडकरांनी कॉलेजं काढली, उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांसाठी भांडले, यात मला आश्चर्य वाटत नाही.

आपल्या देशात तर हा घाव अजून ओला आहे. १९५३मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी योजना आणली, की मुलांनी अर्धा दिवस शाळेत यावं आणि उरलेला वेळ घरच्या धंद्यात शिकावं. कुंभाराच्या मुलानं चाकावर, न्हाव्याच्या मुलानं दुकानात. लोकांनी त्याला 'कुलाचं शिक्षण' म्हटलं, रस्त्यावर उतरले आणि १९५४मध्ये ती मागे घ्यावी लागली. ज्यांच्या घराण्यांना पिढ्यानपिढ्या हातानंच राबायला लावलं, त्यांच्याच मुलांना पुन्हा हातकाम हे शिक्षण म्हणून देणं, यात जो अपमान आहे तो ज्यांनी सोसला त्यांनाच कळतो. म्हणून 'कौशल्य विकास' हा शब्द कोणी मोठ्या उत्साहानं उच्चारला की मी आधी विचारते, तुमची मुलं कुठे शिकतात?

पण या आक्षेपाला माझं उत्तर 'मग तंत्रशिक्षण नकोच' असं नाही. माझा तो विद्यार्थी कानशीनं जे करत होता ते बुद्धीचंच काम होतं. कानस किती दाबायची, पट्टी कुठे गरम झाली, कुठे अर्धा धागा जास्त निघाला, हे त्याच्या बोटांना कळत होतं. त्याचा अपमान कानशीनं केला नाही. कानशीच्या पुढचा रस्ता बंद करणाऱ्यांनी केला. हातकाम आणि विद्यापीठ ही दोन जगं एकाच मुलाला एकाच वेळी मिळावीत, हाच तर अर्ली कॉलेजचा गाभा. रॉलीच्या त्या मुलाच्या एका खांद्यावरच्या दप्तरात मल्टिमीटर होता आणि त्याच दप्तरात इंग्रजी निबंधाची वही. वॉशिंग्टन आणि डु बॉइस या दोघांनाही त्या एका दप्तरात जागा होती.

या शाळांचा खरंच उपयोग होतो का, तेही पाहायला हवं. एरवी अशा शाळांचे निकाल चांगले दिसतात, कारण मुळात हौशी मुलंच तिथे अर्ज करतात. पण काही शाळांत जागांपेक्षा अर्ज जास्त आले आणि प्रवेश सोडत काढून दिले गेले, म्हणजे चिठ्ठी लागलेली आणि न लागलेली मुलं तशी सारखीच. त्यांची तुलना करणं सचोटीचं. अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्च या संस्थेनं २०१३मध्ये अशा दहा शाळांचा अभ्यास मांडला. अर्ली कॉलेजमधली ८० टक्के मुलं पुढे कॉलेजात गेली, चिठ्ठी न लागलेल्यांपैकी ७१ टक्के. फरक बरा आहे, फार मोठा नाही. पण अभ्यासाच्या काळात पदवी हातात पडलेल्यांचं प्रमाण २२ टक्के, आणि दुसऱ्या गटात अवघे २ टक्के. यात गोम आहे, कारण पहिल्या गटानं पदवीचं काम शाळेतच सुरू केलं होतं, दुसऱ्यांना वेळच कमी मिळाला. पण त्याच संस्थेनं २०१९मध्ये पुन्हा मागोवा घेतला तेव्हाही हा फरक पुसला गेलेला नव्हता. आणि या सगळ्याला दर मुलामागे वर्षाला साधारण ९५० डॉलर जादा लागतात असा त्यांचा हिशेब. अमेरिकेतल्या सरकारी शाळांचा खर्च पाहता ही रक्कम किरकोळ आहे.

पी-टेकची गोष्ट इतकी साफ नाही. कॉलेजचे विषय शाळेतच घेणाऱ्या मुलांची संख्या तिथे खूप वाढली, पण दोन वर्षांची पदवी पुरी करणं पुष्कळांना जमलं नाही. सुरुवातीच्या वर्षांत काही मुलांना तयारी होण्याआधीच कॉलेजच्या वर्गांत बसवलं गेलं आणि त्यांना डी आणि एफ, म्हणजे जेमतेम पास किंवा नापास असे शेरे, पडले. इथे एक गोष्ट पालकांना माहीत नसते: शाळेतला नापासाचा शेरा शाळेतच राहतो, कॉलेजचा कायमचा नोंदला जातो. पुढे आर्थिक मदत मागताना, दुसरीकडे प्रवेश घेताना, पंधराव्या वर्षी पडलेला तो एफ आडवा येऊ शकतो.

रॉलीच्या त्या मुलालाही कॉलेजच्या पहिल्या इंग्रजी विषयात डी पडला होता. मी त्याला कारण विचारलं. म्हणाला, "शाळेत गृहपाठ राहिला की बाई विचारतात. कॉलेजात कोणी विचारलं नाही. मला वाटलं, चाललंय ते बरं चाललंय." त्यानंतर शाळेनं त्याला रोज एक तास एका शिक्षिकेकडे बसवलं. कॉलेजचा अभ्यास शाळेत बसून करायचा, प्राध्यापकांना ईमेल कसा लिहायचा, मुदत वाढवून कशी मागायची, नोट्स कशा काढायच्या, हे सगळं त्या तासात. पुढच्या सत्रात बी मिळाला. तो कागद त्याच्या आईनं फ्रिजवर मॅग्नेटनं लावला होता, मी स्वतः पाहिला. त्या तासाचं नाव कुठल्याही जाहिरातीत नसतं. कंपनीचा लोगो असतो, प्रयोगशाळेचा फोटो असतो. पण सगळी शाळा उभी आहे ती त्या एका तासावर.

म्हणून पी-टेकच्या नकला देशोदेशी निघाल्या तेव्हा मला काळजी वाटली. कंपनी आणणं सोपं असतं, करारावर सह्या होतात, फीत कापली जाते. तो रोजचा तास आणणं अवघड, कारण त्याला माणूस लागतो, पगार लागतो आणि चिकाटी लागते. शिवाय कंपनीवर अभ्यासक्रम टांगण्यात धोका आहेच. २०११मध्ये नववीत आलेलं मूल २०१७मध्ये बाहेर पडणार. तोवर कंपनीची गरज तीच राहील, याची हमी कंपनीचा अध्यक्षही देऊ शकत नाही. आज तर प्रोग्रामिंगची प्राथमिक कामं यंत्रंच करू लागली आहेत. एका कंपनीच्या एका कामासाठी तयार केलेलं मूल ते काम गेलं की उघड्यावर पडतं. बीजगणित, नीट लिहिणं, ड्रॉइंग वाचणं, बिघाड कुठे आहे ते पायरीपायरीनं शोधणं, ही शिदोरी मात्र कुठेही चालते. कंपनीनं यंत्रं द्यावीत, इंटर्नशिप द्यावी, आपली माणसं मुलांना भेटायला पाठवावीत. काय शिकवायचं ते कॉलेजनं ठरवावं.

आणखी एक फट आहे, ती तर बारकाईनं पाहिल्याशिवाय दिसतच नाही. अमेरिकेत दोन वर्षांच्या पदव्या दोन जातींच्या आहेत. एक पुढे चार वर्षांच्या पदवीत सरळ मिसळते. दुसरी, 'अप्लाइड सायन्स'ची, नोकरीसाठी आखलेली. तिचे बरेचसे क्रेडिट अनेक विद्यापीठं पुढे धरतच नाहीत. तांत्रिक वाटेच्या मुलांना बहुधा ही दुसरीच मिळते. अठराव्या वर्षी ते मूल आनंदानं पदवी घेऊन बाहेर पडतं आणि पंचविसाव्या वर्षी इंजिनिअर व्हायला गेलं की कळतं, पुष्कळसं पहिल्यापासून. न्यूयॉर्कच्या सिटी टेकसारख्या कॉलेजात तंत्रज्ञानातली पुढची पदवीही त्याच छताखाली आहे, त्यामुळे तिथे हा सांधा थोडा तरी जुळतो. जिथे तसं नाही तिथे फुकट मिळालेली पदवी पुढच्या वाटेवरची भिंत होते.

हे वाचताना मला माझे शनिवार आठवले. कारण आपल्याकडे भिंत नाही, दार आहे. दहावीनंतर थेट डिप्लोमा ही गोष्ट महाराष्ट्रात अनेक दशकं चालली आहे. पंधरा-सोळा वर्षांची मुलं पॉलिटेक्निकात येतात, लेथवर काम करतात, मिनी ड्राफ्टर लावून शीट काढतात. अमेरिकेनं ज्याला मोठ्या कौतुकानं नाव दिलं, ते आमच्याकडे गावोगावी आधीपासून आहे. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश. कागदावर ही शिडी अमेरिकेच्या शिडीपेक्षा सरस आहे, हे मी अभिमानानं म्हणते.

पण शिडीच्या दोन्ही सांध्यांवर एकच पायरी निखळलेली आहे. आयटीआयहून आलेल्यानं डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं गणित केलेलं नसतं. डिप्लोमाहून आलेल्यानं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित केलेलं नसतं, आणि वर्ग सुरू होतो तो तिसऱ्या सत्राच्या गणितापासून. शिकवणाऱ्याला घाई असते, बाकीच्या मुलांनी ते केलेलं असतं, आणि हा मागच्या बाकावर गप्प बसतो. मराठीतून आयटीआय केलेल्याला इंग्रजीतली पुस्तकं हे दुसरं ओझं. एका शिक्षणसंस्थेत मी अशा मुलांसाठी उन्हाळ्यात आठ आठवड्यांचा गणिताचा वर्ग मागितला होता. उत्तर आलं, 'नियमात तरतूद नाही.' दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज केला, पुन्हा तेच. माझ्या निवृत्तीपर्यंत ती तरतूद झाली नाही. दर वर्षी तीन-चार मुलं एक विषय राहून गेली, आणि त्यांच्या घरच्यांना वाटत राहिलं की पोराला डोकंच नव्हतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बाराव्या पंचवार्षिक योजनेतला एक आकडा दिला आहे: एकोणीस ते चोवीस वयातल्या आपल्या कामकऱ्यांपैकी ५ टक्क्यांहून कमी जणांनी रीतसर व्यवसायशिक्षण घेतलेलं, अमेरिकेत हेच प्रमाण ५२ टक्के, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाची ओळख करून द्यायची असं धोरण सांगतं. क्रेडिट साठवायची बँक झाली, आराखडे झाले. हे सगळं चांगलंच आहे. पण क्रेडिट बँकेत पडून राहिलं आणि डीवाय बाय डीएक्स कोणी समजावलंच नाही, तर त्या खात्याचा मुलाला काय उपयोग? आठ आठवड्यांचा वर्ग आणि गणित-इंग्रजीचा एक शिक्षक, जो नापास झाल्यावर नाही तर आधी विचारेल की बाबा, कुठे अडलंय. एवढी तरतूद प्रत्येक पॉलिटेक्निकात आणि प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात नियमानं व्हावी. यंत्रसामग्रीवर जे खर्च होतात त्यापुढे हा खर्च किती?

आणि हो, त्या फोनचं उत्तर. मी त्याला शेवटी विचारलं, "पोराला काय आवडतं?" म्हणाला, "मॅडम, घरातला मिक्सर दोनदा खोलून परत लावलाय त्यानं." मी म्हटलं, मग डिप्लोमाला घाल, बिनधास्त घाल, आणि इंजिनिअरिंग करायचंय हे आत्तापासून धरून चाल. पण नववी-दहावीचं गणित पक्कं करून घे, आणि डिप्लोमाचा निकाल लागला की त्या सुट्टीत त्याला माझ्याकडे पाठव, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं पुस्तक घेऊन. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, मीपण येऊ का त्याच्याबरोबर? तो एक विषय राहिलाय अजून."